तुला बोलावतात तेव्हा

प्रिय भिंगरी,

तुझा निरोप मिळाला. म्हणजे तुझ्या दादाने तो मला मोबाइलवरून वाचून दाखवला आणि वाचताना मधली एक ओळ गाळली. त्याला वाटलं, मला कळलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी खोटं बोलताना या माणसाचे कान लाल व्हायचे राहत नाहीत. मी फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि ती ओळ स्वतः वाचली. तू लिहिलंयस, वहिनी आता कुठे सावरते आहे, अशा वेळी मी तिथे पाऊल टाकायला नको, माझा पायगुण सगळ्यांना माहीत आहे. तुला ये म्हणून सांगायची ही माझी तिसरी खेप. पहिल्या वेळी तुझ्या शाळेत परीक्षा होत्या, दुसऱ्या वेळी तुझा घसा बसला होता. ती दोन्ही कारणं खोटी होती हे मला तेव्हाच कळलं होतं आणि मी सोडून दिलं होतं. हे तिसरं मात्र तुला खरं वाटतंय, म्हणून पत्र लिहायला बसले. फोनवर तू 'बरं बरं, बघते' म्हणून मला गुंडाळतेस. पत्राला मधेच 'दारावर कोणीतरी आलंय' असं सांगता येत नाही. मला तू इथे, या घरात हवी आहेस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वहिनी आडून आडून काय सुचवतेय याचा विचार करत तू वाचायला नको.

खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आहे. मांडीवर लेकीची चित्रं काढायची फळी आहे, तिच्यावर कागद. कारखान्यात जाणं बंद झाल्यापासून ही खुर्ची माझी आणि स्वयंपाकघर तुझ्या दादाचं. तो भाजीत मीठ घालायला विसरतो आणि विचारलं की डॉक्टरांनी कमी खायला सांगितलंय म्हणतो. डोक्यावर केस उगवायला लागलेत, बोटाच्या पेराएवढेही नाहीत, लेक त्यांना ब्रश म्हणते. गेले काही आठवडे मला बरं वाटतंय हे खरं आहे. उलट्या थांबल्या, भूक लागते, परवा जिना उतरून कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. तुझा दादा हे सगळ्यांना फोन करून सांगतो, तुलाही सांगितलं असणार. शेजारच्या बाईंचं म्हणणं, त्यांनी आणून दिलेल्या चूर्णाचा हा गुण. ते चूर्ण मी पहिल्या दिवसापासून खिडकीतल्या कुंडीत ओततेय. कुंडीतलं झाड जोमाने वाढलंय, तेव्हा चूर्णाला नावं ठेवायचीही सोय उरली नाही.

पायगुण हा शब्द तुझ्यापुरता या घरात आणला तुमच्या आत्याबाईंनी. मोठे काका दवाखान्यात होते तेव्हाची गोष्ट. तुमच्या आई जाऊन फार दिवस झाले नव्हते, त्यांच्या शेवटच्या महिन्यात तूच त्यांच्याजवळ होतीस. तू तुझी ती निळी बॅग खांद्याला लावून वॉर्डाबाहेर आलीस आणि आत्याबाई बाकावरून म्हणाल्या, ही बॅग घेऊन दारात उभी राहिली की समजावं, आता माणूस काही राहत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळे थकलेले होते, कोणीतरी हसलं, तूही हसलीस. त्यांना दोष देत नाही मी. सख्खा भाऊ आत होता, डोळ्यांतलं पाणी थोपवायला माणूस काहीही बोलून जातो. पण दुसऱ्या दिवशी काका गेले आणि ते बोलणं तुझ्या अंगाला चिकटलं. मग तुझ्या शाळेतल्या मोठ्या बाई. त्यांना कोणी नव्हतं म्हणून तू त्यांच्या घरी राहायला गेलीस आणि त्याही गेल्या. त्यानंतर तू हसणं सोडलंस. माझ्या भावाला मुलगा झाला तेव्हा तू दारातूनच टोपडं हातात देऊन परत फिरलीस, बाळाकडे पाहिलंही नाहीस. माझ्या वहिनीने मला विचारलं, तुझ्या नणंदेला लहान मुलं आवडत नाहीत का? दिवसभर लहान मुलांना शिकवणारी तू! मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली, पण त्या दिवशी मला तुझ्यासाठी फार वाईट वाटलं.

आता तुला आमच्या कारखान्यातल्या गुरगुऱ्यांची गोष्ट सांगते. गुरगुरे हे त्यांचं आडनाव नाही, स्वभाव आहे. आमच्याकडे चिनी मातीची भांडी होतात हे तुला माहीत आहेच. कच्ची भांडी भट्टीच्या फळ्यांवर रचायचं काम गुरगुऱ्यांचं. ते काम दिसतं सोपं. पण दोन भांड्यांत किती जागा सोडायची, कुठलं भांडं आचेच्या समोर ठेवायचं नाही, मोठ्या थाळ्याला खालून कुठे आधार द्यायचा, हे चुकलं तर आत ठेवलेल्या चांगल्या मालाचे बाहेर तुकडे येतात. गुरगुरे भांडं गालाला लावून त्यात ओल उरली आहे का ते पाहत आणि ओल लागली की वाळवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. भट्टी उघडल्यावर माल माझ्याकडे येई. मी एकेक भांडं बोटांवर तोलून लाकडी दांडीने टिचकी मारायची. चांगलं भांडं खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं, मग तडा डोळ्यांना दिसो वा न दिसो.

नवे मॅनेजर आले. माणूस वाईट नाही, कामसू आहे, कोणाचं वाटोळं करावं असं त्याच्या मनात नसतं. त्याने भिंतीवर एक तक्ता लावला. भट्टी कोणी भरली आणि त्यातलं किती फुटलं, ते रंगाने. चांगल्याला हिरवा, वाईटाला लाल. बघता बघता गुरगुऱ्यांची अख्खी ओळ लाल झाली. तक्ता खोटा नव्हता, फुटकी भांडी मीच वेगळी काढत होते. येता-जाता लोक तक्त्याकडे बघायचे आणि मग गुरगुऱ्यांच्या हातांकडे. वय झालं, कोणी म्हणालं. डोळे गेले, दुसरा म्हणाला. मॅनेजरने त्यांना मोठ्या भट्टीवरून काढून कपबशांच्या भट्टीवर बसवलं. तिथे फुटणं कमी झालं, तर मॅनेजर म्हणाला, बघा, हलकं काम दिल्यावर सुधारले. मोठ्या भट्टीवर एक तरुण नेमला, तिथे फुटणं वाढलं, तर म्हणाला, नवीन आहे, हात बसायला वेळ लागणारच. कमी झालं तरी दोष गुरगुऱ्यांचाच, आणि वाढलं तरी ते त्यातून सुटत नव्हते. मला चैन पडेना. मी त्याला जाऊन विचारलं की साहेब, काय झालेलं पाहिलं म्हणजे तुम्ही म्हणाल की या माणसाची चूक नव्हती? असं काही आपल्याला सांगता येणार नाही, हे त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं. एवढ्यासाठी मी त्याला चांगला माणूस म्हणते.

मग मी सुचवलं की थोडे दिवस चिठ्ठ्या टाकू या. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने तो माल रचायचा, मग तो गुरगुरे असो की तो तरुण. हे ऐकून माल वाटून देणारा फोरमन असा भडकला की विचारू नकोस. म्हणाला, वेड लागलंय का बाई तुम्हाला? ते जाड थाळे, त्या धड न वाळलेल्या मोठ्या कुंड्या त्या पोराच्या हातात देऊ? निम्म्या फुटतील! असला अवघड माल मी गुरगुऱ्यांशिवाय दुसऱ्या कोणाला देतच नाही, ते कपबशांवर गेल्यापासून तो बाजूला ठेवलाय, पण आजवर कधी दुसऱ्याला दिलेला नाही. एवढं बोलून तो थांबला. मॅनेजर भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत राहिला. भिंगरी, हे सगळ्यांना माहीत होतं. फोरमनला माहीत होतं, मला माहीत होतं, पलीकडच्या बाकावर कपांना कान चिकटवणाऱ्या मुलींनाही माहीत होतं. जो माल फुटायच्याच बेतात आहे तो नेहमी सगळ्यांत चांगल्या हातात द्यायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. इतकी जुनी की तक्ता वाचताना ती कोणाला आठवलीच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथे तर चोर पकडायला धावणाऱ्यालाच फाशी होती.

चिठ्ठ्या टाकल्या. निकाल काय लागला असेल ते तू ओळखलंसच, तक्ता उतरला. पण गोष्ट इथे संपली असती तर मी ती तुला सांगितली नसती. गुरगुऱ्यांना ते पटलं नाही. त्यांना वाटलं, सगळे मिळून माझी समजूत काढताहेत. मला म्हणाले, बाई, तुम्ही चांगल्या आहात, पण हात माझे आहेत, मला कळतं. त्यांचं गुरगुरणं बंद झालं. रचलेली फळी ते पुन्हा उतरवून रचायचे. थाळा उचलताना हात कापायचे आणि कापणाऱ्या हातातून एखादा खरंच निसटायचा. मग माझ्याकडे वळून म्हणायचे, पाहिलंत? माणसाने एकदा स्वतःविरुद्ध निकाल दिला की तो पुरावाही स्वतःच तयार करत बसतो.

तूही तेच करते आहेस. तू आली नाहीस आणि मला बरं वाटायला लागलं. लगेच तुझी खात्री आणखी पक्की झाली, की बघा, मी लांब राहिले म्हणून वहिनी सावरली. आली असतीस आणि माझं दुखणं वाढलं असतं, तरी तुझी खात्री पक्कीच झाली असती. मग सांग बरं, काय झालेलं पाहिलं म्हणजे तू म्हणशील की माझा काही संबंध नव्हता? मॅनेजरला विचारलं तेच तुला विचारतेय. आणि जे जगले त्यांचं काय? तुझा दादा जिन्यावरून पडून पाय मोडून बसला होता तेव्हा कोण होतं इथे? तो पाय आज ठणठणीत आहे आणि रात्री झोपेत माझ्या पोटरीवर आदळतो. आमच्या लेकीला तान्हेपणी ताप मेंदूत जाईल असं डॉक्टर म्हणाले होते, तेव्हा तिला मांडीवर घेऊन रात्रभर ओल्या फडक्याने पुसत कोण बसलं होतं? आता ती तुझ्या खांद्यापर्यंत आली आहे. आत्याबाईंच्या बोलण्यात हे दोघं कुठेच नाहीत, आणि आश्चर्य म्हणजे तुझ्या बोलण्यातही नाहीत. बरा झालेला माणूस उठून कामाला लागतो, मग त्याच्या बरं होण्याची आठवण कोणाला राहत नाही.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली असं लोक म्हणतात. मी तुझ्या बाबतीत तेवढंही म्हणणार नाही. तुझ्या बाबतीत गाठ योगायोगाने पडलेली नाही. फांदी मोडायला आली की लोक तुला हाका मारतात. आईंच्या वेळी तुला कधी कळवलं आठव. दोन दवाखाने करून झाले होते, डॉक्टरांनी हात टेकले होते, मग तुझा दादा म्हणाला, भिंगरीला बोलावू या. काकांच्या वेळी त्यांची मुलं आधी आपसांत पाळ्या लावत होती, त्यांच्याने होईना तेव्हा तुझी आठवण झाली. मोठ्या बाईंचं तर विचारूच नकोस. तू एकटी आहेस, तुला सुट्टी काढता येते, तू माणसाला हलक्या हाताने कुशीवर वळवतेस, घाण काढताना तुझ्या कपाळाला आठी पडत नाही आणि रडायचं असलं तर तू बाहेर जाऊन रडतेस. म्हणून शेवटी तूच. तू येतेस म्हणून माणसं जात नाहीत गं. माणसं जायला निघतात, म्हणून तुला बोलावतात. आधी बोलावणं जातं, मग तू येतेस. आत्याबाईंनी फक्त तुला दारात आलेली पाहिलं, बोलावणं का गेलं ते नाही पाहिलं.

आता लेकीबद्दल. गेलं वर्षभर ती फार शहाणी झाली आहे असं तुझा दादा कौतुकाने सांगतो. न सांगता भांडी घासते, उलट उत्तर देत नाही, मैत्रिणींकडे जात नाही. मलाही आधी बरं वाटलं. मग एकदा माझी नखं कापताना ती रडायला लागली. खूप विचारल्यावर बोलली. माझं दुखणं कळलं त्याच्या आदल्या आठवड्यात आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तिला मैत्रिणीकडे राहायला जायचं होतं आणि मी नाही म्हटलं होतं. ती ओरडून म्हणाली होती, तू नसतीस तर किती बरं झालं असतं. मी तर ते विसरूनही गेले होते, या वयात सगळ्याच मुली म्हणतात, मीही माझ्या आईला म्हटलं होतं. पण हे पोर तेव्हापासून ते एकच वाक्य पोटात घेऊन फिरतंय. तिला वाटतं, आपण बोललो म्हणून आईला झालं. मी तिला जवळ घेऊन सांगितलं की बाळा, हे दुखणं त्या भांडणाच्या कितीतरी आधी माझ्या अंगात होतं, डॉक्टरांनीच तसं सांगितलंय, आधीच आलेल्या गोष्टीला तुझं नंतरचं बोलणं कसं कारण होईल? तिने मान हलवली. पण तशी मान हलवून गुरगुरेही फळी पुन्हा उतरवायला जायचे. मी तिची आई आहे, मी तिला वाईट वाटू नये म्हणूनच बोलणार, असं तिला वाटतं. तिला हे दुसऱ्या कोणीतरी सांगायला हवं, आणि ज्याने स्वतः हे भोगलंय आणि त्यातून जो सुटलाय, त्यानेच सांगायला हवं. अशी माझ्या ओळखीत एकच व्यक्ती आहे आणि ती अजून सुटलेली नाही.

भिंगरी, इथवर वाचून तुझ्या ध्यानात आलंच असेल. माणूस जायला निघाला की तुला बोलावतात असं मीच वर लिहिलं, आणि मी तुला तिसऱ्यांदा बोलावते आहे. दादाने तुला सांगितलं ते खरं नाही. तो मुद्दाम खोटं बोलत नाही, मी एक घास जास्त खाल्ला की त्याला खरंच आशा वाटते. माझ्या उलट्या थांबल्या, कारण औषधं थांबली, आणि औषधं थांबली, कारण आता त्यांचा उपयोग उरलेला नाही. डॉक्टरांनी हे आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. केस उगवतायत तेही त्याचमुळे. हे बरेपण थोड्या दिवसांचं आहे. तू आलीस की मी बरी होईन असं लिहून तुला फसवायचा मोह झाला होता, दादाने तसं सुचवलंही, पण मग नंतर तू काय समजली असतीस ते मला कळतं. म्हणून जे होणार ते आधीच सांगून ठेवते: तू येशील आणि त्यानंतर मी जाईन. तू आली नाहीस तरी जाईन. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू, पण तुझी नाही वाटत. बाकीच्यांनी तुला अगदी शेवटी बोलावलं, मी जरा लवकर बोलावतेय, अजून बोलता येतंय, भांडता येतंय तोवर. मी गेल्यावर कोणीतरी आत्याबाईंचं ते वाक्य पुन्हा म्हणणारच, दुःखाला कोणीतरी दोषी लागतो. त्या क्षणी लेक तुझ्याच तोंडाकडे बघत असेल. तू मान खाली घालून बॅग उचललीस, तर त्या पोरीला कळेल की असंच असतं, माणूस आपल्यामुळेच जातो, आणि मग तिला आई नसेल, आत्याही नसेल, फक्त ते भांडण उरेल. तेव्हा मान खाली घालू नकोस. तिचा हात धर, आणि मी जे तुला लिहिलं ते तिला सांग, तिला पटेपर्यंत सांगत राहा. ये, लवकर ये.

तुझी वाट बघणारी, तुझीच
वहिनी